मी कोठे उभं ऱ्हाऊ?

प्रश्न अमळनेरच्या एका संगीतशिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: "माझ्या बावीस जणांच्या समूहगायन वृंदात दोन गायकांविषयी मला मार्ग सापडत नाही. एक विशीतला. मुलगी म्हणून वृंदात आला, आता वेगळं नाव सांगतो, डॉक्टरांच्या देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शनं घेतो आणि त्याचा आवाज फाटतो. दुसरी ट्रान्सस्त्री आहे, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा ठरवलेली, पण स्त्री असलेली. तिला मुलींमध्ये उभं राहायचंय, पण सूर मुलांच्या सप्तकात लागतो. बाकीचे कुजबुजतात. कोणाला कोठे उभं करू?"

मॅडम, तुमचा 'कोठे उभं करू' हा शब्द मला लागला, कारण हाच प्रश्न मला एका गायकाने विचारला होता आणि मी चुकीचं उत्तर दिलं होतं. सोळा-सतरा वर्षं झाली. तालमीच्या पहिल्या दिवशी एक पोर दारातच थांबलं. डावीकडे मुली, उजवीकडे मुलं बसलेली. ते अहिराणीत म्हणालं, "मॅडम, मी कोठे उभं ऱ्हाऊ?" 'उभा' नाही, 'उभी' नाही, 'उभं'. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. हजेरीपटावरचं नाव पाहिलं, कपडे पाहिले आणि मुलींकडे बोट केलं. गळा खालचा होता. मुलींच्या पट्टीत तीन आठवडे ओढूनताणून गायलं आणि मग यायचंच बंद झालं. इतक्या चांगल्या गळ्याचं गाणं माझ्या एका बोटाने सुटलं. त्यानंतर मी माझ्या वृंदाची बसण्याची पद्धतच मोडली. गेली सव्वीस वर्षं, आधी धुळ्यात आणि आता जळगावात, मी समूहगान शिकवते आहे. त्यातलं जे कामाला आलं ते सांगते.

सुरुवात पेटीपासून करा. आपल्याकडे सवय अशी की मुलांची पट्टी, म्हणजे पेटीवरच्या ज्या पट्टीला 'सा' धरायचा ती, काळी एक किंवा काळी दोन, मुलींची काळी चार किंवा काळी पाच, आणि एवढं ठरलं की गट ठरले. ही सवय सरासरीवर उभी आहे. बोलताना पुरुषांचा स्वर साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो, स्त्रियांचा १६५ ते २५०. पण ही सरासरी झाली, आणि मधल्या पट्ट्यात दोन्हीकडची माणसं सापडतात. तुमच्या बावीस जणांत असे चार-पाच गळे नक्की निघतील. काळी चारला तार षड्जाशी धडपडणारी मुलगी निघेल, काळी एकला खर्जात आवाज हरवणारा मुलगा निघेल. त्यांना आपण आजवर 'कच्चे' म्हणत आलो. ते कच्चे नव्हते, चुकीच्या पट्टीत होते.

म्हणून एक अख्खी तालीम गाणं बाजूला ठेवून नुसती आवाज तपासण्यात घालवा. एकेकाला वेगळं बोलवा, सगळ्यांसमोर नको. पांढरी चारपासून 'आ'कार लावायला सांगा, एकेक सूर खाली न्या, मग वर. गळा कुठे ताणतो आणि कुठे हवा होतो ते पाहा. सहज लागणारा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर वहीत लिहा. या वहीत नाव आणि दोन सूर, एवढंच. मुलगा-मुलगी हा रकाना माझ्या वहीत नाही.

या वहीवरून तीन गट पडतात. मी त्यांना नद्यांची नावं दिली आहेत: वरचा पांझरा, मधला बोरी, खालचा तापी. तुम्ही बोरीकाठच्या, तेव्हा तुम्हाला हे आवडेल. 'पांझरा, दुसरी ओळ घ्या' म्हटलं की कोणाला आपल्या शरीराचा विचार करावा लागत नाही. मधला गट मी पांढरी चार ते तिच्या वरच्या पांढरी चारपर्यंत, म्हणजे साधारण १७५ ते ३५० हर्ट्झमध्ये गाववते. वृंदाचं निम्मं सौंदर्य या गटात असतं असं माझं मत झालं आहे. खालच्या आवाजाच्या मुली, वरच्या आवाजाची मुलं, बदलत असलेला गळा, सगळे इथे बसतात, आणि वरचा-खालचा गट एकमेकांपासून तुटत नाहीत.

यासाठी गाणी मात्र जपून निवडावी लागतात. मंद्र पंचमापासून तार गंधारापर्यंत पसरलेली चाल घेतली तर कुठलीही पट्टी सगळ्यांना पुरत नाही. नऊ-दहा सुरांत फिरणारी चाल घ्या. ओव्या, भारुडं, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) झोक्यावरची गाणी बहुतेक त्यात बसतात, कारण ती उघड्यावर, कोणत्याही गळ्याने म्हणायलाच जन्मली आहेत. आणि एखादी ओळ फारच वर गेली, तर त्या गटाला खालून षड्ज-पंचम धरायला द्या. अशी मागून सुराची साथ, म्हणजे झील, धरणं हे कमी प्रतीचं काम नाही हे वृंदाला आधीच सांगून ठेवा.

आता तुमचा पहिला गायक. टेस्टोस्टेरॉनने स्वरपट्ट्या जाड होतात आणि आवाज खाली उतरतो. हा बदल बहुधा पहिल्या काही महिन्यांतच जाणवायला लागतो, वर्षभर जोरात चालतो आणि पुरता स्थिरावायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. इंजेक्शन थांबवलं तरी उतरलेला आवाज परत वर जात नाही. तेव्हा 'थोडे दिवस थांब, आवाज पूर्वीसारखा होईल' असं त्याला कोणी सांगत असेल, तर ते खोटं आहे. या काळात वरचे सूर आधी जातात, खालचे हळूहळू येतात, आणि मधल्या काही महिन्यांत दोन्हीकडून गळा आखूड झाल्यासारखा वाटतो. एखादा सूर आज लागतो आणि गुरुवारी लागत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटताना आपण हे पाहिलेलं आहे. फरक इतकाच की त्या मुलाला आपण हसून घेतो, आणि विशीतल्या माणसाला ते हसणं सहन होत नाही.

त्याचा आवाज दर तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा आणि वहीत नवे सूर लिहा. एका गटातून दुसऱ्यात जायला त्याला मोकळीक द्या, परवानगी मागायला लावू नका. सुरुवातीला गळा तापवायचा तो हलका: मुखबंद गुंजन, ओठ फुरफुरवत सूर वर-खाली नेणं, आणि पेल्यातल्या पाण्यात नळी बुडवून बुडबुडे काढत सूर लावणं. हा शेवटचा प्रकार बाहेरून पोरखेळ वाटतो, पण स्वरपट्ट्यांवरचा ताण तो खरोखर कमी करतो. दहा-पंधरा मिनिटं पुरे. आणि खर्जाचा रियाज त्याला आत्ता देऊ नका. आपल्याकडे आवाज खाली गेला की पहाटे उठून खर्ज घोटायला सांगायची रीत आहे. बदलत्या गळ्यावर खर्ज दाबून लावला की आवाज घशात अडकतो, ती सवय पुढे सोडवता सोडवत नाही. त्यालाही लवकर खोल आवाज हवा असतो, म्हणून तो स्वतःच दाबेल. तिथे तुम्ही त्याला थांबवा. आवाज सतत बसत असेल, दुखत असेल, तर कान-नाक-घसा डॉक्टर आणि वाणीउपचार करणारे यांच्याकडे पाठवा. औषधाचा डोस हा तुमचा-माझा विषय नाही.

एक गोष्ट फार कमी शिक्षकांना माहीत असते. असे काही गायक छाती सपाट दिसावी म्हणून घट्ट बाइंडर घालतात. त्याने फासळ्या आवळल्या जातात आणि लांब श्वास बसत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, पंख्याखाली बसूनही अंग भिजतं, तेव्हा भोवळ येऊ शकते. पण हे त्याला चारचौघांत विचारायचं नाही. मी सगळ्या वृंदाला मिळून सांगते: तालमीला श्वास मोकळा बसेल असे कपडे घाला, कोणाला मध्ये बाहेर जायचं असेल तर न विचारता जा, पाणी पीत राहा. ज्याला कळायचं त्याला कळतं. त्याने स्वतःहून विषय काढला तर एवढंच सांगा की क्रेप बँडेज कधीही गुंडाळायचं नाही, तालमीपुरतं सैल काहीतरी घालायचं, आणि लांब दमसासाच्या ओळीत शेजाऱ्याशी पाळी लावून श्वास घ्यायचा. पाळीपाळीने श्वास घेणं तसंही सगळ्या वृंदाने शिकायला हवं.

तुमची दुसरी गायिका. तिच्या बाबतीत उलटं आहे. एकदा आवाज फुटून खाली गेला की इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाने तो वर येत नाही. ती जी औषधं घेत असेल किंवा नसेल, त्याचा तिच्या सप्तकाशी संबंध नाही. सरावाने बोलण्याचा लहेजा आणि स्वर बदलता येतो, गाण्यात डोक्यातला हलका आवाज वाढवता येतो, पण ते वर्षांचं काम आहे आणि तिला ते हवंच असेल असंही नाही. तिला विचारा. काहींना आपला खालचा आवाज प्रिय असतो आणि तो स्त्रीचाच आवाज आहे असं त्या ठामपणे सांगतात. काहींना तोच आवाज माइकवर ऐकू आला की रडू येतं. दोघींना एकच उत्तर लागू पडत नाही.

तिचं 'मुलींमध्ये उभं राहायचंय' हे म्हणणं सुराविषयी नाही, स्त्रियांत गणलं जाण्याविषयी आहे. आजवर आपण या दोन गोष्टी एकच धरल्या, म्हणून तुम्हाला कोडं पडलं. उभं राहण्याची रचना बदला. अर्धवर्तुळ करा, मधला गट मध्यभागी, आणि तिच्या शेजारी खालच्या आवाजाच्या मुली येतील असं बसवा. तिने तापीचा सूर धरावा आणि उभं राहावं मैत्रिणींच्या खांद्याला खांदा लावून. बावीस जणांच्या वृंदात दोन हात अंतराने सूर बिघडत नाही. प्रेक्षकांत कोणाला वाटेल की बाईच्या तोंडून हा आवाज कसा. वाटू दे. बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह जळगावात आहे, त्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो. पुरुषाच्या गळ्यातून आलेली रुक्मिणी आणि सिंधू मराठी माणसाने डोळे मिटून ऐकली आहे. ज्ञानदेवांच्या विरहिणी आणि तुकोबांच्या गौळणी बाईच्या तोंडच्या आहेत आणि वारीत पुरुष त्या म्हणत आले आहेत. बालगंधर्व ट्रान्सस्त्री होते असं मी म्हणत नाही, तो वेगळा विषय आहे. एवढंच म्हणते की आवाज आणि शरीर यांची जोडी सुटी करायला आपला कान फार पूर्वीच शिकलेला आहे.

आखाजीची आणि आपल्या खान्देशी कानबाई देवीची गाणी बायकांची मानतात. ती वृंदात घेतलीत तर 'फक्त मुली म्हणतील' असं तुम्ही सहज बोलून जाल, आणि ती तिथे एकटी पडेल. ती गाणी ती म्हणेल हे तुमच्या मनात आधीच ठरलेलं असू द्या, म्हणजे कोणी विचारलं तर तुम्ही अडखळणार नाही.

भाषेबद्दल. मराठी बोलताना क्रियापदात लिंग येतं, त्यामुळे आपण दर मिनिटाला कोणाला तरी 'गातोस' किंवा 'गातेस' म्हणत असतो. नाव आणि हाक कशी हवी हे एकदा विचारून घ्या: दादा, ताई, की नुसतं नाव. पण ज्याचं ठरलेलं नाही, ज्याला दोन्ही नको, त्याच्यासाठी मराठीत सोय आहे. 'तुम्ही गाता', 'तुम्ही आलात', 'आपण घेऊ या', 'म्हणा', 'थांबा' यांत लिंग दिसत नाही. मी आता सगळ्यांनाच 'तुम्ही' म्हणते, अगदी अकरावीच्या पोरांनाही. सुरुवातीला ती लाजली, मग सरळ बसायला लागली. आणि आपली अहिराणी तर याहून उदार. 'मी जास', 'मी करस' हे बाईही म्हणते आणि गडीही. तालमीत अहिराणीत बोललं की अर्धी अडचण आपोआप सुटते, हे मला त्या दारातल्या पोराने शिकवलं, फार उशिरा. चूक झाली, जुनं नाव तोंडून गेलं, तर लगेच दुरुस्त करून पुढची ओळ घ्या. पाच मिनिटं माफी मागत बसलात की सगळ्या खोलीचे डोळे त्याच्याकडे वळतात.

आपल्या गावांत खरी धास्ती असते ती नावाच्या छापील रूपाची. कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात गायकांची यादी येते, फोटो घराघरांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतो. तालमीत तो ज्या नावाने वावरतो ते घरी माहीत असेलच असं नाही. म्हणून प्रत्येक कार्यक्रमाआधी एकांतात विचारा: पत्रिकेवर कोणतं नाव, प्रमाणपत्रावर कोणतं, फोटोत यायचं का, आणि घरी फोन करायची वेळ आली तर कोणत्या नावाने विचारू. प्रत्येक वेळी पुन्हा विचारा, कारण उत्तर बदलतं. घरच्यांना तुम्ही स्वतःहून काही सांगायचं नाही. ते सांगणं त्याच्या हातात आहे.

पोशाखाचं सोपं आहे. मुलींना साडी आणि मुलांना झब्बा-लेंगा ही सक्ती काढा. सगळ्यांना एकाच रंगाचे कुर्ते आणि उपरणं द्या, किंवा दोन्ही पोशाख ठेवा आणि ज्याचं त्याला निवडू द्या. तुमच्या गायिकेला साडी नेसायची असेल तर तिला नेसू द्या. पोशाख एकसारखा करण्याच्या नादात तिची साडी काढून घेऊ नका.

बाहेरगावी जाताना आधी फोन करून विचारा की कपडे बदलायला वेगळी खोली आहे का, एखादं स्वच्छतागृह कोणालाही वापरता येईल असं आहे का, मुक्काम कुठे. युवारंगसारख्या विद्यापीठाच्या युवक महोत्सवात राहण्याची सोय मुलं-मुली अशीच असते, तेव्हा गायकाला विचारून संयोजकांशी आठवडाभर आधी बोला, ऐनवेळी नको. स्पर्धेची काळजी करू नका. विद्यापीठ महोत्सवांत समूहगानाचा नियम संख्येचा आहे, सहा गायक आणि तीन साथीदार. त्यात मुलगे किती, मुली किती, हे नाही. तालमीची वेळही पाहा. रात्री नऊला सुटून एकटीने स्टँडवर जाणं तुमच्या त्या गायिकेला इतर मुलींहूनही कठीण आहे. माझ्याकडे एक गायिका भुसावळहून येते, लग्न-बारशाला गाऊन बधाई मागणाऱ्या तृतीयपंथीयांच्या घरातली. तिच्यासाठी मी तालीम साडेसहाला संपवते. आयुष्यभर माइकशिवाय, ढोलकीवर, रस्त्याच्या गोंगाटात गायलेला तिचा गळा. तिने माझ्या पोरांना आवाज कसा फेकायचा ते शिकवलं.

कुजबुजीचं काय करायचं? एकदा, थोडक्यात, त्या दोघांची नावं न घेता बोला. त्या दोघांना मात्र आधी सांगा की तुम्ही बोलणार आहात, आणि त्यांना त्या दिवशी हजर राहायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. मी असं बोलले होते: इथे गट आवाजाने पडतात, हाक ज्याची त्याने सांगावी, कोणाच्या शरीराविषयी आणि औषधांविषयी विचारायचं नाही, 'छक्का' हा शब्द या खोलीत उच्चारला तर त्या दिवशी घरी जायचं. दोन मुलांना मी खरंच घरी पाठवलं. एक परत आला. दुसऱ्याच्या आईने येऊन भांडण केलं, तेव्हा मी त्यांना चहा दिला आणि तीच चार वाक्यं पुन्हा सांगितली. त्यांचा मुलगा नाही आला. मला वाईट वाटलं, पण नियम मी बदलला नाही.

संस्थेकडून दबाव आला तर कायदा तुमच्या बाजूने आहे हे माहीत असू द्या. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात तृतीयपंथीयांना कायद्याने ओळख दिली. २०१९ चा तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला, आणि शिक्षणसंस्थेत भेदभाव करायला त्याने मनाई केली. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण द्या: जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकच्या ग्रामपंचायत निवडणुकीत तृतीयपंथी उमेदवार अंजली पाटील यांचा महिला प्रवर्गातून भरलेला अर्ज नाकारला गेला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, जानेवारी २०२१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि त्या निवडूनही आल्या. ज्या मातीत हे होतं, तिथे गाण्याच्या ओळीत एका बाईला बायकांत उभं करणं अवघड नसावं.

कोणी म्हणेल, यांचा वेगळा वृंद काढा. असे वृंद आहेत. लॉस एंजेलिसमध्ये ट्रान्स कोरस आहे, मुंबईत एलजीबीटी गायकांचा रेनबो व्हॉइसेस आहे, तृतीयपंथी गायकांचा सिक्स पॅक बँड २०१६ मध्ये देशभर गाजला. ज्यांना आपल्या माणसांतच गायचं आहे त्यांच्यासाठी ते मोलाचे आहेत. पण अमळनेरच्या पोराला मंगळवारच्या तालमीला मुंबईला जाता येत नाही. त्याला तुमचाच वृंद आहे. आणि त्याला घेतलंत म्हणून फलक लावू नका, 'जिल्ह्यातला पहिला तृतीयपंथी गायक' अशी बातमी देऊ नका. पत्रकार आला तर आधी त्याला विचारा, तो नाही म्हणाला तर पत्रकाराला गाण्याविषयी सांगा.

येत्या तालमीला एवढंच करा: दोन्ही बाजूंच्या सतरंज्या उचला, गोल अंथरा, पेटी मध्ये ठेवा. दोघांना थोडं लवकर बोलवा आणि पांढरी चारपासून त्यांचे सूर लिहून घ्या. बाकी वीस जणांचे पुढच्या आठवड्यात.